निजलेल्या जमिनीचा जबाब

हेदाची वाडी, खांबच्या वर, ता. रोहा
रविवार, १३ फेब्रुवारी १९९४

जनू,

आशीर्वाद शेवटी लिहीन, आधी भांडते. तीन महिने झाले. तू कुठे आहेस हे मला पेणच्या बाजारात भेटलेल्या परक्या माणसाकडून कळावं? तो म्हणाला, "जनू खाडीवरच्या मिठागरात हाय. काळा पडलाय, पन बरा हाय." काळा तू आधीपासूनच होतास, त्यामुळे मी काही घाबरले नाही. बरा आहेस एवढं ऐकलं आणि घेतलेली सुकट तिथेच विसरून आले.

तुला वाचता येत नाही. आश्रमशाळेतून तीनदा पळून आलास आणि तिन्ही वेळा मीच तुला पाठीशी घातलं, ती माझी चूक. पत्रं मुकादमाच्या घरच्या विमलबाई वाचून दाखवतात, असं तो माणूस म्हणाला. विमलबाई, नमस्कार. मी याची मोठी बहीण चंद्रावती, वाडीतली बालवाडी चालवते. हा तुम्हाला काही सांगत नसणार, कारण हा कोणालाच काही सांगत नाही. तेव्हा काय झालं ते मीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा घोटाळा होणार नाही.

आम्ही कातकरी. वाडीच्या मागच्या डोंगरावर आमची दळीची, म्हणजे उतारावरच्या फिरत्या शेतीची, जमीन आहे, एकतीस घरांची. आमच्या आजाच्या बापाच्या वेळेपासून तिथे नाचणी आणि वरी होते. डोंगराची जमीन म्हणजे तुमच्या खाडीकडच्या भातशेतीसारखी नव्हे. दोन पावसाळे पिकवायची आणि मग चार-पाच वर्षं निजू द्यायची. निजली की तिच्यावर झुडपं येतात आणि नवख्या माणसाला ते रान वाटतं. उतारावर ऐनाची झाडं आहेत, त्यांचा टहाळ, म्हणजे पाल्याच्या डहाळ्या, काढून पेरणीआधी जमिनीवर पसरतो आणि राब भाजतो. झाड मारत नाही, फांद्या तेवढ्या घेतो. पण जंगलखात्याच्या लेखी तोही गुन्हा, म्हणून आमच्या चार पिढ्या एकच उत्तर शिकल्या: साहेबाने काही विचारलं की नाय म्हणायचं.

गेल्या नोव्हेंबरात जमीन आमच्या नावावर करायची चौकशी आली. पहिल्यांदाच कोणी साहेब दंड करायला नव्हे, तर द्यायला आला होता. आमचा बाप गोविंदा वाडीचा नाईक. तो वारल्यावर त्याच्या जागी जनू, म्हणून साहेबाने वाडीच्या वतीने जनूलाच विचारलं. निजलेल्या जमिनीत उभं राहून त्याने बोट दाखवलं, "ही झाडं कोण तोडतं?" जनू म्हणाला, "आमी नाय." साहेब म्हणाला, "इथे शेती करता?" जनू म्हणाला, "नाय साहेब, आमी हिकडं येत पन नाय." साहेबाने ते लिहिलं, वाचून दाखवलं आणि याने त्यावर अंगठा उठवला.

झालं. एकतीस घरांची जमीन एका अंगठ्याखाली गेली. तिसऱ्या दिवशी वाडीची सभा बसली आणि सगळे याला बोलले. मीही बोलले. चौथ्या दिवशी हा घरात नव्हता.

आता कामाचं. आम्ही गप्प बसलेलो नाही. रोह्याच्या कचेरीत अर्ज दिला आहे की तो जबाब चुकीचा आहे आणि चौकशी पुन्हा करा. मी स्वतः लिहिला, दोन पानं, एकही खाडाखोड नाही. कारकून म्हणाला, "बाई, वकील केलात का?" मी म्हटलं, "नाय, सातवी केली." अर्ज मंजूर झाला की तुला यावं लागेल. तयारीत राहा.

आशीर्वाद आहेच.

तुझी बाय

—

हेदाची वाडी
रविवार, ६ मार्च १९९४

जनू,

उत्तर नाही. ठीक. मीही तुझीच बहीण, लिहीत राहीन.

अर्ज मंजूर झाला. सोमवार, १८ एप्रिल, सकाळी दहा वाजता साहेब पुन्हा डोंगरावर येणार. हा साहेब नवीन आहे. त्याने कचेरीत मला समोर बसवून नीट समजावलं. म्हणाला, "आधीचा जबाब फाडून टाकता येत नाही. तो दिला त्याने येऊन सांगायचं की तो खोटा का होता. नाहीतर तो खोटा होता हे तुम्ही दुसऱ्या कशाने तरी दाखवायचं. नुसतं सगळे मिळून ओरडलात तर मी काही करू शकणार नाही." सरळ बोलणारा माणूस, मला आवडला.

म्हणून तू हवास. दोन वाक्यं बोलायची आहेत: "मी घाबरून नाय म्हनलो. जमीन आमी करतो." यापलीकडे तुला काही यायची गरज नाही, आणि तुला येतही नाही.

दुसरी तयारीही चालू आहे. वाडीतली सगळ्यात म्हातारी शांती आजी रोज सकाळी काठी टेकत वर जाते आणि कुठला तुकडा किती वर्षं निजलाय ते मला सांगते, मी वहीत उतरवते. तिला स्वतःचं वय सांगता येत नाही, पण बापाने वरच्या सपाटीवर शेवटची वरी कधी पेरली ते झोपेतही सांगेल. झुडपं बाजूला केल्यावर खाली दगडांच्या ताली सापडल्या, उताराची माती धरायला आजाने रचलेल्या. एक दगड हललेला नाही. आपल्या तुकड्यात तर सहा ताली आहेत. मी त्यांच्यावर बसून भाकरी खाल्ली आणि मला फार बरं वाटलं.

सभेत मी तुला जे बोलले ते तुझ्या मनात असेल. रागात माणूस बोलतो. सगळेच बोलत होते, मी एकटी गप्प बसले असते तर लोकांनी काय म्हटलं असतं? तू लहान आहेस, सोडून दे.

शिमग्याला ये. होळीला नाईकाच्या घरचं लाकूड लागतं आणि माझ्या हातचं लोक चालवून घेणार नाहीत.

तुझी बाय

—

हेदाची वाडी
बुधवार, ३० मार्च १९९४

जनू,

शिमगा झाला. लाकूड मीच टाकलं आणि कोणी काही बोललं नाही. माझ्या तोंडाला लागायची कोणाची छाती झाली नाही, हे खरं कारण.

तुझं पत्र आलं. विमलबाई, तुमचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे आणि याच्या बोलण्यातला एक शब्दही तुम्ही सुधारला नाहीत, त्यामुळे वाचताना याचा आवाज ऐकू आला. खाली तुम्ही आपलं म्हणून लिहिलंत, "पोरगा नीट जेवत नाय, कोनाशी हसत नाय, कामाला वाघ हाय." वाचून मी थोडी रडले. मग भांडी घासायला घेतली.

तू चारच ओळी सांगितल्यास. "बाय, मी येनार नाय. मी येकदा खोटा झालो, परत कोनासमोर उभा ऱ्हानार नाय. येक इचारतो. साहेब इचारीत व्हता तवा माज्या मागं कोन उबं व्हतं? तेवडं सांग, मंग बगू."

मागे पुष्कळ लोक होते. तलाठी भाऊसाहेब होते, जंगलखात्याचा गार्ड होता, वाडीतली पंधरा-वीस माणसं होती. मी साहेबांसाठी पाण्याची कळशी घेऊन आले होते. कोण कुठे उभं होतं ते आता कोणाच्या लक्षात असणार?

ते जाऊ दे. १८ तारखेचं बघ. खांबच्या नाक्यावर एसटीतून उतरलास की सरळ वर ये, वाटेत कोणाकडे चहाला थांबू नकोस. मुकादम सोडत नसेल तर मला कळव. मी त्यांना पत्र लिहीन आणि ते पत्र त्यांना आवडणार नाही.

यंदा राबाचा टहाळ मी आणि आजीने काढला. गार्ड खालून बघत होता. मी त्याला हाक मारून म्हटलं, "भाऊ, वर येऊन बगा, झाड जितं हाय का मेलंय." तो आला नाही.

तुझी बाय

—

हेदाची वाडी
रविवार, १० एप्रिल १९९४

जनू,

गेले दहा दिवस मी बालवाडीतल्या पोरांवर ओरडते आहे. परवा शांती आजी म्हणाली, "चंद्रे, तुला काय चावलंय गो?" मी तिला काही सांगितलं नाही. तुला सांगते.

तुझ्या मागे मी उभी होते.

कळशी डोक्यावर होती आणि एक हात मोकळा होता. साहेबाने झाडांकडे बोट दाखवलं तेव्हा तू मान वर केलीस. तू खरं सांगणार होतास. मला तुझी मान ओळखता येते, खरं बोलायच्या आधी ती अशीच वर होते. मी मागून तुझा सदरा ओढला आणि म्हटलं, "नाय म्हन." तू वळून माझ्याकडे बघितलंस. मी पुन्हा म्हटलं. मग तू नाय म्हणालास. दुसऱ्या प्रश्नाला मी ओढलं नाही, पण तोवर तुला काय बोलायचं ते मीच शिकवून ठेवलं होतं.

का केलं तेही सांगते, सवलत मिळावी म्हणून नव्हे. मी नऊ वर्षांची असताना एका गार्डाने बापाला टहाळ काढताना धरलं. कोयता काढून घेतला आणि दोन दिवस नाक्यावर बसवून ठेवलं. मी आईबरोबर भाकरी घेऊन गेले तर बाप जमिनीवर उकिडवा बसला होता आणि गार्ड खुर्चीवर. बाप, वाडीचा नाईक, त्याला 'साहेब, साहेब' करत होता. तू तेव्हा पाळण्यात होतास. त्या नोव्हेंबरात साहेबाचं बोट झाडाकडे गेलं आणि मला तुझ्या जागी तो उकिडवा बसलेला बाप दिसला. हा साहेब वेगळ्या कामाला आलाय हे मला ठाऊक होतं. नोटीस मीच वाडीला वाचून दाखवली होती. सातवी शिकलेली, बालवाडीची बाई, आणि वेळेला माझ्या तोंडातून चार पिढ्यांचं तेच उत्तर निघालं.

एवढंच असतं तर चुकले म्हणून मोकळी झाले असते. पण नंतर सभेत सगळे तुझ्याकडे वळले तेव्हा मला उठून सांगता आलं असतं. मी उठले ते तुला बोलायला. म्हणाले, "ह्याच्यापरीस बापाच्या पोटी मुका जनमला असता तर बरं झालं असतं." सगळ्यात मोठ्याने मीच बोलले, कारण सगळ्यात जास्त भीती मलाच होती. तू तेव्हा माझ्याकडे बघितलंस आणि काही बोलला नाहीस. एक शब्द बोलला असतास तर लोकांनी तुला सोडून मला धरलं असतं. तू माझी अब्रू राखलीस आणि मिठागरात निघून गेलास. पाच महिने मी ती अब्रू मिरवते आहे. मला त्याची लाज वाटते, जनू.

विमलबाई, हे तुम्ही हळू आवाजात वाचत असाल, तुमचा स्वभाव आता मला कळलाय. हे मोठ्याने वाचा. मिठागरातल्या ज्या ज्या माणसाने याला 'जमीन घालवणारा' म्हणून ऐकलं असेल त्याला बोलावून वाचा.

आता मी तुला ये म्हणत नाही. येण्याचा हट्ट मी धरला होता तो माझं तोंड लपवायला. तू येऊन चूक कबूल केली असतीस, जमीन सुटली असती आणि मी कळशी घेऊन पुन्हा मागेच उभी राहिले असते. तसं नको. १८ तारखेला काय करायचं ते मला कळलंय.

तुझी बाय

—

हेदाची वाडी
मंगळवार, १९ एप्रिल १९९४

जनू,

काल दहाची वेळ होती, साहेब सव्वानऊलाच आला. सोबत तलाठी, गार्ड आणि मोजणीवाले दोघे. मी कळशी घरी ठेवली होती. पाणी दुसऱ्या कोणी आणलं.

रविवारी वाडीला सगळं सांगून टाकलं होतं. कोणी ओरडलं नाही, ते जास्त जड गेलं. मग शांती आजी म्हणाली, "आमी सगळी मागं उबी व्हतो. चंद्री बोलली, आमी मनात बोललो." त्याने माझी चूक कमी होत नाही, पण रात्री दोन घास घशाखाली उतरले.

साहेबाने तुझा जुना जबाब वाचून विचारलं, "जनू गोविंदा हजर आहे?" मी पुढे झाले. म्हटलं, "तो नाही. जबाब त्याच्या तोंडचा आहे, पण शब्द माझे आहेत." सदरा कसा ओढला तेही सांगितलं. साहेबाने जुना जबाब मिटला. म्हणाला, "तेव्हा खोटं बोलायला लावलंत, आज खरं बोलताय हे कशावरून मानू?" मी म्हटलं, "माझ्यावरून मानू नका. चला, दाखवते."

तालींवरून नेला त्याला. वहीतला एकेक तुकडा, कुठल्या साली पेरला आणि कुठल्या साली निजवला, मी वाचत होते आणि आजी काठीने हद्द दाखवत होती. मग ऐनाच्या झाडापाशी आलो. आजीने साहेबाचा हात धरला, खरंच धरला, आणि खोडावर ठेवला. फांदी जिथे जिथे घेतली तिथे गाठ येते, तिच्यावर नवी फांदी फुटते, ती घेतली की पुन्हा गाठ. आजी खालून वर मोजत गेली. "ही माज्या सासऱ्याच्या हातची. ही गोविंदा नाईकाची. ही वरची कवळी, ही अवंदाची, मी आन चंद्रीनं घेतलेली." रानातल्या झाडाला अशा गाठी नसतात. साहेबाने बाजूच्या ओढ्याकडची दोन झाडं बघितली, त्यांना नव्हत्या.

गार्ड म्हणाला, "साहेब, म्हणजे झाडं तोडल्याचा गुन्हा हे कबूल करतायत." मला वाटलं होतं तसंच झालं, हाच प्रश्न येणार होता. जुनं 'नाय' जिभेवर आलं, खोटं कशाला सांगू. पण मी म्हटलं, "व्हय साहेब, टहाळ आमी काढतो. आमच्या बापानं काढला, त्याच्या बापानं काढला. तोडत असतो तर येवडी वरसं झाड उबं ऱ्हायलं असतं का? लिवा तुमी." वाडीतून कोणीतरी मागून म्हणालं, "व्हय, लिवा." मग सगळेच म्हणाले.

साहेबाने लिहिलं. उभ्याउभ्या, एक पाय दगडावर टेकवून आणि गुडघ्यावर फळी ठेवून, चार पानं लिहिली. गार्डाला म्हणाला, "तुमचं म्हणणं वेगळं लिहून द्या, तेही जोडतो." हुकूम वरून यायचा आहे. वर काय होईल ते मी आज सांगू शकत नाही. पण शेती जुनी आहे आणि चालू आहे, असं त्या कागदावर साहेबाच्या हाताने लिहिलं गेलंय आणि मोजणी सुरू झाली आहे. हुकूम उलटा आला तर मी अलिबागला जाईन, तिथून पुढे जायची वेळ आली तर तिकडेही जाईन. आता आम्हाला व्हय म्हणता येतं. ते कोणी परत घेऊ शकत नाही.

तुझ्या जबाबाखाली साहेबाने माझा जबाब जोडला. त्यात पहिली ओळ आहे, "वरील उत्तर माझ्या सांगण्यावरून देण्यात आले, त्यात माझ्या भावाचा दोष नाही." त्याखाली माझी सही आहे, पूर्ण नावाने. सरकारी कागदात आता खोटं बोललेली मी आहे.

काल एकवीस घरांची मोजणी झाली. रीत अशी आहे की ज्याचा तुकडा त्याच्या घरच्या दोघांनी मोजणीच्या साखळीची दोन टोकं धरायची, एकाने वर आणि एकाने खाली, आणि दोघांचीही नावं कागदावर चढतात. आपल्या तुकड्यावर आलो तेव्हा तीन-चार जण पुढे झाले. मी कोणाला धरू दिली नाही. मोजणीवाला म्हणाला, "बाई, आमचा खोळंबा होतोय." मी म्हटलं, "दुसरी नऊ घरं ऱ्हायलीत, आमचं शेवटी घ्या." तो कुरकुरला, पण मानलं. उरलेली मोजणी गुरुवारी, २८ एप्रिलला.

तू आला नाहीस तर शांती आजी धरेल. जमीन मी रुसव्यापायी सोडणार नाही, तुझ्याही नाही आणि माझ्याही नाही. नावं दोघांचीच सांगितली आहेत. पण आजीचे हात थरथरतात आणि उतार तुला माहीत आहे.

मी खालच्या टोकाला उभी असेन, तुझ्या समोर. मागे नाही.

तुझी बाय,
चंद्रावती गोविंदा